संकरित मासा वांझ असतो का? शेततळेवाल्यांसाठी गुणसूत्रांचा हिशेब



घोडपदेवहून आपल्या एका श्रोत्याचे पत्र आले आहे. राहणे घोडपदेवच्या चाळीत, शेती जुन्नर तालुक्यात. अशी दोन घरांची माणसे त्या भागात पुष्कळ आहेत. आजे-वडील गिरणीत लागले, १९८२ च्या संपानंतर काही गावी परतले, काही मुंबईतच टिकून राहिले, पण सातबाऱ्यावरचे नाव मात्र कुणी सोडले नाही. या श्रोत्याने गावी प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे केले आहे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका विक्रेत्याकडून 'संकरित रोहू' म्हणून बोटुकली विकत आणली, नेहमीपेक्षा जास्त भाव देऊन. विक्रेत्याने सांगितले होते की हा मासा वांझ असतो, त्याची ताकद अंड्यांत जात नाही, म्हणून तो जोमाने वाढतो. मासे वाढलेही. बरेच विकले, तीस-चाळीस मोठे राखून ठेवले.

यंदा आषाढात त्यातले दोन कापले, तर पोटात गाबोळी गच्च! घरातल्यांनी ती तळून खाल्ली, पण पत्रलेखकाच्या मनात शंका राहिली. ते विचारतात : वांझ माशाच्या पोटात गाबोळी कशी? दुसरे, शेजारचे दोन तळेवाले म्हणतात, एवढे चांगले मासे आहेत तर यांच्यापासूनच बीज काढू, अर्धे पैसे आम्ही घालतो, काढावे का? आणि तिसरे, बीज काढायचे नसेल तर उरलेले मासे कुकडी नदीत सोडून द्यावेत का?

पत्र साधे आहे, पण त्यात तीन घरांचे पैसे आणि एका नदीचे भवितव्य अडकलेले आहे. म्हणून या वेळची पत्रिका याच विषयाला दिली आहे.

आधी कापूस, मग मासा

मी शिकलो शेतकी कॉलेजात. तिथे आम्हाला कापूस भरपूर शिकवला, मासा त्या मानाने थोडा. तेव्हा मला जो हिशेब कापसावरून कळला तो मी कापसावरूनच सांगतो. शिवाय घोडपदेवच्या माणसाला कापूस परका नाही. शेजारच्या कॉटन ग्रीनला गावाचे नावच कापसावरून पडले.

प्रत्येक जिवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे दोऱ्यासारखी गुंडी, आणि तिच्यावर ओळीने बसलेली जनुके म्हणजे अंगात काय, कधी आणि किती बनवायचे याच्या नोंदी. साधारण प्रत्येक जिवाकडे या नोंदींचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. देशी कापसात एका संचात १३ गुणसूत्रे, दोन संच मिळून २६. अमेरिकन कापसात एकूण ५२. अंडे किंवा परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीतले एकेक वेगळे होते, म्हणजे निम्मी संख्या पुढे जाते. देशीतून १३ जातात, अमेरिकनमधून २६.

आता देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर केला तर झाडात १३ आणि २६ मिळून ३९ गुणसूत्रे येतात. झाड उभे राहते, वाढते, पण बी धरत नाही. कारण जोड्या लागायला गेल्या की काही गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. जुवाला दोन बैल जुंपता येतात. तिसरा बैल आणून उभा केला तर तो जाणार कुठे? कधी या बाजूला ओढतो, कधी त्या बाजूला, आणि नांगरट वाकडी होते. तशी ज्या पेशीत गुणसूत्रांची वाटणी वाकडी होते तिच्यातून धड अंडे किंवा धड पराग तयार होत नाही.

पण प्रत्येक संकर वांझ असतो असे मुळीच नाही. १९७० मध्ये सुरतेला तयार झालेला संकर-४ कापूस दोन्ही बाजूंनी अमेरिकनच होता. त्याला सरकी भरपूर. १९७२ चा वरलक्ष्मी तर दोन वेगळ्या जातींचा संकर, पण दोघांचीही गुणसूत्रे ५२ आणि एकमेकांशी जुळणारी, म्हणून त्यालाही सरकी धरायची. मग शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे का घ्यावे लागे? झाड वांझ होते म्हणून नव्हे. घरची सरकी पेरली की दुसऱ्या पिढीत गुण फुटून निघत. एक झाड आजीवर जाई, दुसरे आजोबावर, आणि शेत एकसारखे राहत नसे. हे लक्षात ठेवा. माशांत पुढे हेच येणार आहे.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस

आपल्या तळ्यातले तीन मुख्य मासे कटला, रोहू आणि मृगळ. तिघांचीही गुणसूत्रे ५०, म्हणजे २५ चे दोन संच. जाती वेगळ्या, पण गुणसूत्रे एकमेकांना ओळखतात. म्हणून रोहू-कटल्याचा संकर झाला तर पोटात २५ रोहूची आणि २५ कटल्याची अशी जोड्या लावायला पुरेशी जुळणी असते. हा संकर वांझ नाही. त्याची मादी अंडी धरते, नर शुक्रद्रव देतो, आणि त्याचे पुन्हा रोहूशी किंवा कटल्याशी मीलनही होते. वरलक्ष्मीचाच प्रकार.

हा मासा वाईट आहे असेही नाही. रोहूपेक्षा तो लवकर वाढतो, कटल्यापेक्षा त्याचे डोके लहान आणि मांस जास्त. पण कटल्याच्या वाढीला तो गाठत नाही. म्हणजे कटल्याच्या जागी तो सोडला तर तोटाच.

चौथा सायप्रिनस. हा परदेशी पाहुणा. पहिल्यांदा १९३९ मध्ये उटकमंडला आला आणि आपल्या मैदानी तळ्यांत जो पसरला तो १९५७ मध्ये बँकॉकहून आलेला वाण. याची गुणसूत्रे सुमारे १००, म्हणजे रोहूच्या दुप्पट. का, याची गोष्ट मोठी मजेची आहे. सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या माशांचा संकर झाला आणि त्या संकरात गुणसूत्रे दुप्पट झाली. आज ज्याला आपण साधा, चिखलात तोंड घालणारा मासा म्हणतो तो मुळात जुना चार संचांचा संकर आहे. आणि अमेरिकन कापसाची जन्मकथाही हीच! त्याचेही दोन पूर्वज २६-२६ गुणसूत्रांचे होते. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी त्यांचा संकर होऊन संख्या दुप्पट झाली आणि ५२ चा कापूस जन्माला आला. संकरात ज्यांना जोडीदार नव्हता त्या प्रत्येक गुणसूत्राला दुप्पट झाल्यावर स्वतःचीच प्रत जोडीदार म्हणून मिळाली. वांझपण गेले.

आता सायप्रिनसच्या मादीवर रोहूचा नर घातला तर काय होईल ते तुम्हीच सांगाल. सायप्रिनसच्या अंड्यातून ५०, रोहूच्या शुक्राणूतून २५, एकूण ७५. तीन संच. तीन बैल, दोन खाचा. ओडिशात भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगेला गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी सायप्रिनस आणि आपल्या देशी माशांचे असे संकर करून त्यांची गुणसूत्रे मोजली आणि १९९० मध्ये ते काम छापले. हे संकर वांझच निघाले.

तेव्हा 'संकरित मासा वांझ असतो' हे वाक्य अर्धे खरे आहे. कोणाचा कोणाशी संकर, आणि पोटात संच किती, यावर सगळे अवलंबून. पत्रलेखकाला विकलेला मासा बहुधा रोहू-कटल्याचा साधा दोन-संची संकर असावा. विक्रेत्याने एका माशाचा गुण दुसऱ्याच्या नावावर विकला. गाबोळी खोटे बोलत नाही.

तिसरा संच मुद्दाम कसा ठेवतात

एकाच जातीतही, संकर न करता, तिसरा संच आणता येतो. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे-मागे तुमच्याकडे 'त्रिगुणित बीज' असे शब्द घेऊन कोणीतरी येईलच.

माशाचे अंडे पाण्यात पडते तेव्हा त्याची वाटणी पुरी झालेली नसते. आईच्या बाजूचा एक जादा संच अजून आतच असतो. शुक्राणू आत शिरला की अंडे तो जादा संच एका बारीकशा पुटकुळीतून बाहेर टाकते, आणि मग आईचा एक व बापाचा एक असे दोन संच राहतात. हे सगळे फलनानंतर थोड्या मिनिटांत घडते. नेमक्या त्या मिनिटांत अंड्यांना गरम पाण्याचा, बर्फाळ पाण्याचा किंवा जबर दाबाचा झटका दिला, तर बाहेर टाकण्याचे काम अडते आणि जादा संच आतच राहतो. आईचे दोन, बापाचा एक. झटका उशिरा दिला, पहिली पेशी दुभंगण्याच्या वेळी, तर चार संच होतात. पण असे मासे जगवणे फार कठीण जाते.

ऐकायला सोपे, करायला अवघड. मिनिट चुकले, पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले, की एकतर अंडी मरतात किंवा झटका लागतच नाही. एकाच घाण्यातली काही पिल्ले तीन-संची, काही दोन-संची अशी भेसळ राहते. अमेरिकेत पाणवनस्पती खाण्यासाठी गवत्या मासा तलावात सोडतात. तो नदीत जाऊन वाढू नये म्हणून अनेक राज्यांत फक्त तीन-संची गवत्याच सोडू देतात, आणि तिथे सुईने रक्त काढून एकेक मासा तपासतात. शंभरातले पाच तपासून चालत नाही. तीन-संची माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी आणि त्यांची केंद्रके मोठी असतात, त्यावरून ओळख पटते. नुसत्या डोळ्यांनी, तळ्याच्या काठावर उभे राहून, 'हा तीन-संची आहे' असे कोणालाही सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तुमचे पाकीट सांभाळा.

कधी निसर्ग हे आपोआप करतो. गवत्याची मादी आणि बिगहेड नावाच्या चिनी माशाचा नर यांच्या संकरात बरीच पिल्ले आपण होऊन तीन-संची निघतात. १९७८ च्या सुमारास हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. दोघांचीही गुणसूत्रे ४८, पण पिल्लांत ७२. अंड्याने जादा संच टाकलाच नाही. काही दूरच्या संकरांत तर दोन-संची पिल्ले मरतात आणि तीन-संची जगतात. आईचे दोन संच असल्यामुळे घरातला कारभार आईच्या वळणावर चालतो आणि परक्या जनुकांशी होणारी भांडणे कमी होतात, असे त्याचे कारण समजले जाते.

जनुक असणे वेगळे, बोलणे वेगळे

आता सगळ्यांत नाजूक भाग. तीन संच आले म्हणजे सगळे काम दीडपट होईल, मासा दीडपट होईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. तीन-संची माशाची एकेक पेशी मोठी असते, पण पेशींची संख्या कमी असते. दीडपट मोठ्या विटांनी भिंत बांधली तर विटा कमी लागतात, भिंत तेवढीच राहते. तसे.

शिवाय जनुक पेशीत असणे आणि ते 'बोलणे' यात फरक आहे. घरात रेडिओ तीन असले तरी लावलेला एकच असू शकतो. पोर्तुगाल-स्पेनच्या नद्यांत एक लहानसा संकरित मासा आहे, त्याच्यात दोन-संची आणि तीन-संची असे दोन्ही प्रकार नांदतात. २००८ मध्ये त्याची तपासणी झाली तेव्हा दिसले की पाहिलेल्या जनुकांचा आवाज तीन-संची माशात दोन-संचीएवढाच होता. जादा प्रतींपैकी काही गप्प केलेल्या होत्या. कुठली प्रत गप्प बसेल हेही प्रत्येक अवयवात सारखे नव्हते. सायप्रिनसमध्येही त्याच्या दोन जुन्या पूर्वजांची जनुके आजपर्यंत सारख्या आवाजात बोलत नाहीत, एका घराण्याचा आवाज थोडा वरचढ आहे.

वांझपणाचे कारण पाहताना हे फार कामी येते. साध्या मादीच्या अंडाशयात अंडी धरू लागली की अंडाशय एक संप्रेरक रक्तात सोडते. ते यकृतापर्यंत पोचले की यकृतातले एक जनुक जागे होते आणि अंड्यातल्या पिवळ्या बलकाचे द्रव्य तयार करू लागते. ते रक्तातून अंडाशयात जाते आणि गाबोळी भरते. तीन-संची मादीत जोड्या न जुळल्यामुळे अंडाशयच वाढत नाही, नुसता दोरीसारखा राहतो. तिथून संदेश निघत नाही, म्हणून यकृत बलक बनवत नाही. बलकाचे जनुक तिच्याकडे आहे, दोन नव्हे तीन प्रती आहेत. पण कोणी हाक मारत नाही, म्हणून तिन्ही गप्प. त्यामुळेच अशा मादीची ताकद अंड्यांत जात नाही हे म्हणणे खरे ठरते. लालबाग-परळच्या घरांत ज्यांना गाबोळी हवी असते त्यांनी मात्र हा मासा घेऊन उपयोग नाही!

नराचे गणित वेगळे. तीन-संची नराचे वृषण पुष्कळदा बरेच वाढते, संप्रेरकही निघते, त्यामुळे तो नरासारखा वागतो, मादीच्या मागे लागतो, कधी थोडे पातळ शुक्रद्रवही देतो. पण त्यातल्या शुक्राणूंत गुणसूत्रे धड एक संच नाहीत आणि धड दोन नाहीत. अंडे फळले तरी गर्भ मरतो. म्हणून नर दाबून पाहिला, पांढरे आले, म्हणजे तो कामाचा, अशी परीक्षा येथे फसते.

आणखी एक गोष्ट मत्स्यबीज काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. फलनानंतरचे पहिले काही तास अंड्यातला जीव आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. बापाची जनुके तोवर तोंड उघडत नाहीत. म्हणून न जुळणारा संकरही पहिले काही तास झकास दिसतो. पेशी दुभंगतात, अंडी स्वच्छ असतात, माणूस खूश होतो. मग बापाची जनुके बोलू लागतात, दोघांचे पटत नाही, आणि अंडी पांढरी पडतात. तेव्हा कोणी 'नव्या संकरात शंभरातली नव्वद अंडी फळली' असे सांगितले तर विचारा, पोहणारी पिल्ले किती राहिली?

चीनमधली एक खटपट

चीनच्या हुनान प्रांतात चांगशा येथील शास्त्रज्ञांनी या सगळ्याचा उपयोग फार हुशारीने केला. तांबडा क्रुशियन मासा आणि सायप्रिनस, दोघेही १०० गुणसूत्रांचे, यांचा संकर केला. पहिल्या दोन पिढ्या १०० च्याच निघाल्या. पण दुसऱ्या पिढीतल्या काही माशांनी निम्मी न करता सगळीच गुणसूत्रे अंड्यांत आणि शुक्राणूंत भरली. अशी अंडी आणि असे शुक्राणू एकत्र आले आणि तिसऱ्या पिढीत २०० गुणसूत्रांचे चार-संची मासे जन्मले. नर आणि मादी दोन्ही सुफल, आणि पिढ्यान्पिढ्या तसेच टिकून. आता या चार-संची नराचे साध्या दोन-संची मादीशी मीलन घडवले की प्रत्येक पिल्लू तीन-संची, १५० गुणसूत्रांचे आणि वांझ. झटका नको, भेसळ नको. ते बीज तिथल्या शेतकऱ्यांना विकले जाते.

पण बघा, या युक्तीची सगळी मदार चार-संची जनक मासे वेगळे आणि शुद्ध राखण्यावर आहे. जनक तळ्यात गोंधळ झाला की कारखाना बंद.

आपल्याकडे गोंधळ कुठे होतो

पूर्वी रोहू-कटल्याचे बीज नद्यांतून धरून आणत, पुष्कळसे बंगालकडून आगगाडीने येई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंद पाण्यात अंडी घालायला लावले. मत्स्यशेतीचे नशीब तिथे पालटले. हा दिवस आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

पण लग्न जमवण्याचे काम माणसाच्या हाती आले तसा घोटाळाही आला. गोल हौदाच्या हॅचरीत जागा आणि पाणी वाचवण्यासाठी रोहू, कटला आणि मृगळ एकाच हौदात, एकाच रात्री सोडले जातात. सगळ्यांची अंडी आणि शुक्रद्रव एकाच फिरत्या पाण्यात. मग कोणाचा शुक्राणू कोणाच्या अंड्यात शिरला याचा हिशेब कोण ठेवणार? यातून निघालेली संकरित पिल्ले चार-पाच मिलिमीटरची असताना ओळखू येत नाहीत. ती बोटुकली होऊन विकली जातात, त्यातली मोठी पुढे जनक म्हणून राखली जातात, कारण ती दिसायला ठोसर असतात, आणि पुढच्या पिढीत भेसळ आणखी मुरते. पहिल्या पिढीचा संकर जाणत्या माणसाला ओळखता येतो. कटल्याचे डोके मोठे, खालचा जबडा वर वळलेला, मिशा नाहीत. रोहूचे तोंड खाली वळलेले, ओठांना झालर, खवल्यांवर तांबूस झाक. आणि संकर या दोघांच्या मधोमध. पण त्याच्या पोटी आलेला मासा, चारांतला एक वाटा कटला आणि बाकी रोहू असा, दिसायला अस्सल रोहूच असतो. आत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल.

याचा फटका तळ्यात बसतो. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणूनच आपण शंभरात चाळीस कटला, तीस रोहू, तीस मृगळ असे प्रमाण सांगतो. अर्धे मासे धड वर नाहीत आणि धड मध्ये नाहीत असे झाले की एका थरातले खाद्य पडून राहते आणि दुसऱ्यात गर्दी होते. खर्च तोच, उत्पन्न कमी, आणि शेतकरी पाण्याला, खाद्याला, नशिबाला दोष देतो. बियाला देत नाही.

येथे 'सुधारित' आणि 'संकरित' या दोन शब्दांचीही गल्लत होते. कौसल्यागंगेच्या संस्थेने नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या मदतीने वेगवेगळ्या नद्यांतले रोहू जमवून, पिढ्यामागून पिढ्या चांगले ते निवडून, 'जयंती रोहू' तयार केला. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली त्या १९९७ साली तो बाहेर आला. तो निवडीने सुधारलेला शुद्ध रोहू आहे, संकर नव्हे. वाढीसाठी जादा पैसे द्यायचेच असतील तर अशा बियाला द्यावेत.

मग पत्रलेखकाने काय करावे?

बीज काढू नये. शेजाऱ्यांचे पैसे घेऊ नयेत. वाढलेला मासा पाहून जनक निवडायचा मोह होतो, तो मलाही झाला असता. पण या माशांची पिल्ले फुटून निघतील, काही रोहूवर, काही कटल्यावर, काही मधलीच, आणि शेजाऱ्याला पुढल्या वर्षी जे पदरी पडेल त्याचे नाव कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय सगळे मासे एकाच खेपेचे, म्हणजे बहुतेक थोड्याच आई-बापांची भावंडे. एकाच रक्तातले मीलन पिढीला दुबळे करते, हे गाई-बैलांत आपण जाणतोच.

नदीत तर मुळीच सोडू नये. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीत जाते. एका तळ्यातले चाळीस सुफल संकर म्हणजे तिकडच्या रोहू-कटल्यात कायमची भेसळ. हे मासे खरोखर वांझ असते तर एक वेळ धोका कमी होता. ते तसे नाहीत हे गाबोळीने दाखवलेच आहे. मासे सोडण्याने पुण्य लागते की नाही ते मला ठाऊक नाही, पण या माशांपुरते पाप नक्की. थाई मांगुराचा अनुभव आपल्यासमोर आहे. त्याच्यावर २००० साली बंदी आली तरी तो पाण्यात इतका पसरला की निपटता निपटत नाही.

मासे विकून टाकावेत किंवा खावेत. संकरित असो वा तीन-संची, खायला त्यात काहीही अपाय नाही. गुणसूत्रे आपण प्रत्येक घासाबरोबर खातोच. घरचे केळे घ्या, बसराई असो वा ग्रँड नैन, तीन संचांचेच आहे, म्हणून तर त्यात बी नसते. कोकणातली राजेळी तर दोन रानटी जातींच्या संकरातून आलेली, तीही तीन-संची.

पुढे कोणी तीन-संची रोहू-कटल्याचे बीज जादा भावाने विकायला आले तर? माझे मत विचाराल तर घेऊ नका. वांझपणाचा फायदा मासा वयात आल्यावर सुरू होतो. रोहू दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वयात येतो, आणि शेततळ्यातला मासा आपण आठ ते बारा महिन्यांत काढतो. तोवर दोन-संची काय आणि तीन-संची काय, वाढ सारखीच. उलट पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तीन-संची मासा अगोदर कच खातो. जो मासा काही महिन्यांतच वयात येतो आणि तळ्यात आपण होऊन अंडी घालून गर्दी करतो, म्हणजे सायप्रिनस किंवा तिलापिया, त्याच्या बाबतीत वांझ बियाला अर्थ आहे. आणि तिलापिया पाळायचा तर आधी परवानगी लागते, हेही सांगून ठेवतो.

तळे द्राक्षाच्या पाण्यासाठी मे महिन्यात तळाला जाते असे पत्रात आहे. तीच वेळ साधावी. सगळे मासे जाळ्याने काढावेत, तळाच्या डबक्यात एकही राहू देऊ नये, अस्तर धुऊन चार दिवस ऊन द्यावे. पाऊस पडून तळे भरले की जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय, यांच्या कार्यालयात विचारून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्राचे बीज घ्यावे. घेताना तिन्ही जाती वेगवेगळ्या पिशव्यांत मागाव्यात, आणि जनक मासे वेगळ्या हौदात टोचले होते का, एवढा एक प्रश्न विचारावा. शक्य असेल तर बारीक जिरे न घेता बोटुकलीच घ्यावी. बोटभर माशाचे तोंड पाहता येते. पिशवीतले दहा-वीस मासे पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहा. कटल्याच्या पिशवीत खाली वळलेली तोंडे दिसू लागली, तर पिशवी परत करा. पावती मात्र जातीच्या नावानिशी घ्या आणि घोडपदेवच्या घरी नको, गावच्या घरी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी बीज घेताना शोधाशोध व्हायची नाही.